आर या प्रोग्रामिंग भाषेत ट्रायकॅच लावायचं की विथकॉलिंगहँडलर्स?

एरर आणि वॉर्निंग सांभाळणारी ही दोन्ही फंक्शन्स दिसायला सारखीच, खरा फरक कळतो तो वॉर्निंग आली की. समजा कॉलममध्ये दोन धड आकडे आहेत आणि तिसऱ्या जागी कोणीतरी 'माहीत नाही' असं टाईप केलंय, त्यावर ॲज डॉट न्यूमेरिक (मजकुराचे आकडे करणारं फंक्शन) चालवलं तर आर वॉर्निंग देतो, तिसऱ्या जागी एनए (म्हणजे 'किंमत नाही') टाकतो आणि पुढे जातो. पण हेच ट्रायकॅचमध्ये वॉर्निंगचा हँडलर (वॉर्निंग आल्यावर चालणारं आपलं फंक्शन) लावून केलं तर काम तिथेच सुटतं, हँडलरने जे परत दिलं तेवढंच हातात येतं, म्हणजे ते दोन चांगले आकडे पण गेले! विथकॉलिंगहँडलर्समध्ये मेसेज लॉगमध्ये लिहून घ्या, इन्व्होकरीस्टार्टने मफलवॉर्निंग बोलवा म्हणजे वॉर्निंग गप्प होते, काम होतं तिथून पुढे चालू.

एररचं उलट आहे. कॉलिंग हँडलर, म्हणजे विथकॉलिंगहँडलर्समधला, एरर नुसती बघतो, अडवत नाही, ती वर जातेच, त्यामुळे प्रोग्राम वाचवायला ट्रायकॅचच हवा, शिवाय त्यात फायनली (काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग) मिळतं, डेटाबेसचं कनेक्शन बंद करायला एकदम बेस्ट. मात्र एरर नक्की कुठल्या फंक्शनमधून आली ते सिस डॉट कॉल्सने बघायचं असेल तर कॉलिंगच लावा, कारण ट्रायकॅचचा हँडलर चालेपर्यंत स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची साखळी) उलगडून गेलेला असतो. मोठ्या लूपमध्ये मी तरी दोन्ही वापरतो, बाहेर ट्रायकॅच आणि आत कॉलिंग.