दहावीचं बीजगणित: क्यूआर कोड, खान अकॅडमी की कॉलेज रोडचा क्लास?

दहावी लागली की नाशिकमध्ये घरोघरी एकच खल: कॉलेज रोडला क्लास लावायचा की मोबाईलवर, पुस्तकातल्या क्यूआर कोडवर नाहीतर खान अकॅडमी या अ‍ॅपच्या व्हिडिओंवर भागवायचं? माझी भाची सिडकोत राहते, सेमीला आहे. तिच्यापायी गेल्या वर्षी मी हे तिन्ही प्रकार पाहिले. भूमितीचं माहीत नाही, बीजगणितापुरतं सांगते.

आधी बघा, व्हिडिओ कुठल्या बोर्डाचा आहे. आपल्या स्टेट बोर्डाच्या पहिल्याच प्रकरणात निश्चयक आणि क्रेमरची पद्धत (दोन समीकरणं सोडवायची एक रीत) आहे, पुढे अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर्स. सीबीएसईच्या दहावीत हे नाही. खान अकॅडमीचे भारतातले बहुतेक वर्ग एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईत चालणाऱ्या पुस्तकांच्या, धर्तीवर चालतात, म्हणजे तिथे दहावीत क्रेमर शोधत बसलात तर संध्याकाळ वाया.

त्यासाठी पुस्तकातला क्यूआर कोड बरा. सरकारी दीक्षा अ‍ॅपने तो स्कॅन केला की त्याच प्रकरणाचा पाठ उघडतो. पाठ डाउनलोड करून ठेवता येतात. पेठ-सुरगाण्याकडे, जिथे रेंज येते-जाते, तिथे ही मोठी सोय. पण काही पाठ म्हणजे कुणी पुस्तकच मोठ्याने वाचून दाखवतंय असे. दहा मिनिटांत डोळे मिटतात, माझेसुद्धा मिटले.

आता खानचं. भाचीची खरी गोची वर्गसमीकरणात नव्हतीच. वजाच्या कंसातून बाहेर येताना ती दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायला विसरायची. हे भोक सातवी-आठवीचं. क्लासमध्ये दहावीच्या मुलीला सातवीत कोण नेणार? आणि चार जणांसमोर तिने तरी हात का वर करावा? खानवर ती गुपचूप मागच्या इयत्तेत गेली, काळ्या फळ्यावरचं उदाहरण थांबवून स्वतः सोडवलं, चुकल्यावर हिंट बघितली, पुन्हा सोडवलं. अ‍ॅप फुकट आहे. सेमीच्या मुलांना इंग्रजी संज्ञांची अडचण नाही. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी व्हिडिओ बघताना मात्र ‘कोइफिशंट’ म्हणजे आपला सहगुणकच, हे शेजारी बसून सांगावं लागतं.

आणि क्लास? फी, अंबड-सातपूरहून येण्याजाण्याचा वेळ, शिवाय बॅच भरलेली. भाचीने लावलेल्या क्लासमध्ये महिनाभर तिची वही कुणी उघडूनही पाहिली नाही. पण व्हिडिओला न जमणारी एक गोष्ट चांगला शिक्षक करतो: शाब्दिक उदाहरणाचं समीकरण कसं मांडायचं ते तुमच्या चुकीवर बोट ठेवून दाखवतो. दोन अंकी संख्येतून तिचे अंक उलटवून येणारी संख्या वजा करा. ७४ वजा ४७, उत्तर २७. फरक नेहमी ९ च्या पटीत का? दशक आणि एकक वेगवेगळे मांडले की दोन ओळींत उलगडतं. (६१७४ या आकड्याची गंमत शोधणारे गणितज्ञ कापरेकर देवळालीच्याच शाळेत शिकवायचे, असल्या गमती आपल्या गावाला नव्या नाहीत.)

माझं मत विचाराल तर पाया कच्चा असेल तर आधी खान, पाया पक्का असून बोर्डाचं तंत्र हवं असेल तर क्यूआर कोड आणि जुन्या प्रश्नपत्रिका. लेखी पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. तो घड्याळ लावूनच सोडवायचा. क्लास फक्त त्याच मुलाला, जो घरी व्हिडिओ लावतो आणि पेन्सिल हातात घेतच नाही. भाचीने दिवाळीनंतर क्लास सोडला. क्रेमर तिला शेवटी शाळेतल्या बाईंनीच मधल्या सुट्टीत समजावला.