सुटणारा गोंदच चांगला: कार्बन बाणांचे पॉइंट आणि पुढची कॉलर

कार्बन बाणांना पॉइंट, म्हणजे पुढचं धातूचं टोक, बसवायला मी आता बोहनिंगची कूल फ्लेक्स ही निळी हॉटमेल्ट (तापवून वितळवायच्या गोंदाची) कांडीच वापरतो. साताऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. धनुर्विद्या करते ती माझी मुलगी, मी फक्त तिच्या बाणांचा मिस्त्री. त्यामुळे स्कोअर कसा वाढवायचा हे मला विचारू नका. चिकटवणं आणि सोडवणं हा मात्र माझा रोजचा धंदा, म्हणून सांगतो, जो गोंद हवा तेव्हा सुटतो तोच इथे कामाचा.

मुलीचा पहिला संच ज्या दुकानातून घेतला (नाव नको, माणसं बोलायला गोड आहेत) तिथे पॉइंट दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने पक्के करून दिले होते. "साहेब, आयुष्यात निघणार नाहीत." ते खरंच निघाले नाहीत. पुढे तिच्या धनुष्याच्या मानाने बाण कडक पडतोय असं सरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ८० ग्रेनच्या जागी १०० ग्रेनचे पॉइंट घालायला सांगितले. वीस ग्रेन म्हणजे जेमतेम १.३ ग्रॅम, पण पुढचं वजन वाढलं की सुटताना बाण जास्त वाकतो आणि कडकपणा मोडतो. आता जुने पॉइंट काढायचे कसे? कार्बनची नळी स्वतःच इपॉक्सी रेझिनने बांधलेली असते. पॉइंटचा गोंद हार मानेल इतकी उष्णता दिली की नळीचं रेझिनही गेलंच म्हणून समजा. सुपरग्लूची गंमत वेगळी: धरतो छान, पण स्वभावाने ठिसूळ, बाण कडक जागी आपटला की तडकतो.

निळी कांडी कमी उष्णतेला वितळते आणि थंड झाल्यावरही थोडी लवचिक राहते. काम सोपं आहे, पण क्रम चुकवू नका. पॉइंटची नळीत जाणारी दांडी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासायची. नळी आतून आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवलेल्या इअरबडने पुसायची. बड काळा येणं थांबेपर्यंत पुसा, तो कार्बनचा भुगा असतो आणि गोंद त्यालाच चिकटून बसतो. मागचा नॉक (दोरीत अडकवायची खाच) काढून ठेवायचा. नाहीतर आत अडकलेली हवा तापून फुगते आणि बसवलेला पॉइंट तुमच्या डोळ्यांदेखत हळूहळू बाहेर सरकतो. मग पॉइंटचं टोक पकडीत धरून ज्योतीवर फक्त धातू तापवायचा, दांडीवर कांडी फिरवायची आणि गोल फिरवत आत ढकलायचं. कडेने निळी रिंग बाहेर येते, ती गार झाल्यावर नखाने सोलून निघते. माझी हॉट एअर गन हाताशी असूनही मी ती इथे वापरत नाही, तिचा झोत नळीवरही बसतो. सगळ्यात भरवशाचा थर्मामीटर म्हणजे बोटं. पॉइंटच्या मागे नळी उघड्या बोटांनी धरवत नसेल तर तुम्ही जास्त तापवलंय. काढायचा असेल तर पॉइंट पुन्हा जरा तापवा नाहीतर टोक उकळत्या पाण्यात धरा, पकडीने फिरवत ओढा, येतो बाहेर.

खोट एकच, आणि ती कुठल्याही हॉटमेल्टची. फोमच्या बट्रेसमधून (निशाण लावतात तो जाड ठोकळा) बाण हिसडा मारून उपसला की घर्षणाने पुढचं टोक तापतं, आणि उन्हाळ्यात दुपारी पॉइंट कधी कधी आतच राहतो. बट्रेसजवळ धरून, हळू फिरवत काढायची सवय लावली की हा त्रास बराच कमी होतो. पोरांना ती लागता लागत नाही, हा भाग वेगळा.

आता मजबुतीचं. २०२३ मध्ये आपली अदिती स्वामी बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हापासून इथे धनुष्य धरणारी पोरं जिकडेतिकडे दिसतात. नवीन पोरांचे बाण बट्रेस चुकतात आणि मागच्या मुरमात नाहीतर दगडात जातात. अशा वेळी पॉइंट मागे रेटला जातो आणि नळी पुढून उभी चिरते. त्यावर अ‍ॅल्युमिनियमची कॉलर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावर बाहेरून चढवायचा नळीचा तुकडा, हा खरा उपाय. जुन्या ईस्टन अ‍ॅल्युमिनियम बाणावर २११७ असा आकडा असतो. त्यातले २१ म्हणजे बाहेरचा व्यास २१/६४ इंच, ८.३३ मिमी. १७ म्हणजे भिंतीची जाडी ०.०१७ इंच. हिशोब केला की आतला व्यास सुमारे ७.४७ मिमी निघतो. आमची नळी बाहेरून ७.४, म्हणजे एक इंचाचा तुकडा अंगरख्यासारखा बसतो, वर तीच निळी कांडी. वजन सुमारे १२ ग्रेन वाढतं, ते पॉइंट निवडतानाच धरा. मागची कड कानशीने उतरती करा, नाहीतर बाण फोममधून निघताना अडकतो.

स्पर्धेच्या बाणांना मात्र कॉलर नको. नियमात अडत नाही, वर्ल्ड आर्चरीची शाफ्टची मर्यादा ९.३ मिमी आहे. अडतं क्लिकरपाशी, म्हणजे बाण पुरता खेचला की टिक वाजवणाऱ्या धनुष्यावरच्या पट्टीपाशी. खेचताना क्लिकरची पट्टी नळीवरून घसरत पुढे येते आणि कॉलरच्या कडेवर आदळते. अर्ध्या मिलिमीटरची ती पायरी, पण मुलगी म्हणाली, "बाबा, हे काढा, मला खोटा ठेचका जाणवतो." काढली. हॉटमेल्ट होतं म्हणून चहा होईपर्यंत काम झालं. क्लिकर न लावणाऱ्या नवशिक्यांना आणि सरावाच्या संचाला कॉलर जरूर लावा.

कॉलर आहे म्हणून तपासणी सोडू नका. मुरमात गेलेला प्रत्येक बाण कानाजवळ धरून दोन्ही हातांनी थोडा वाकवायचा, गोल फिरवत. बारीक करकर आली तर तो बाण गेला. त्याला गोंद लावू नका, मोडून टाका, कारण चिरलेला कार्बन धनुष्यातून सुटताना फुटला तर कुसळं थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. नळी कापताना मास्क घाला आणि खाली ओलं फडकं ठेवा.

कांडी इपॉक्सीपेक्षा महाग वाटेल, पण पॉइंटला थेंबभरच लागते, त्यामुळे लवकर संपत नाही. तिच्यासोबत ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा सराफी काटाही घेऊन ठेवा. एकाच पाकिटातल्या पॉइंटमध्येही ग्रेन-दोन ग्रेनचा फरक निघतो, तो गोंद लावायच्या आधी कळलेला बरा.