उगार खुर्द ते मिरज रेल्वे पास: कितीही फिरा, पण गाडी असेल तेव्हाच

उगार खुर्द ते मिरज हा सेकंड क्लासचा मासिक पास मी गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून वापरतेय. मध्ये तिमाही काढून बघितला, आता परत मासिकावर आलेय. का, ते पुढं सांगते. नोकरी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, घर उगारला साखर कारखान्याच्या बाजूला. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. पाळीचं आधीच सांगून ठेवते, कारण या पासबद्दलचं माझं मत दर सोमवारी बदलतं. सकाळची पाळी असली की वाटतं, एवढ्या कमी पैशात याहून चांगली सोय नाही. दुपारच्या पाळीत तोच पास येताना नुसता मोबाईलमध्ये पडून असतो.

पैशाबद्दल तक्रार नाही. रोज जाऊन येऊन असाल तर पंधरवड्यात पैसे फिटतात, उरलेला महिना फुकट. करोनानंतर पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' नावानं धावायला लागल्या तेव्हा कमीत कमी तिकीट 10 वरून 30 रुपयांवर गेलं होतं. 2024 च्या फेब्रुवारीत ते परत 10 वर आलं. तरी पासच स्वस्त पडतो. जुलै 2025 मध्ये लांब पल्ल्याची भाडी वाढली, त्यातूनही पास वगळला होता. तिमाही पास मासिकाच्या तिप्पट नसतो, 2.7 पट असतो. सहामाही 5.4 पट आणि वार्षिक 10.8 पट. म्हणजे वर्षाचा एकदम काढला तर एका महिन्याहून थोडे जास्तच पैसे वाचतात. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा सेकंड क्लासचा मासिक पास मोफत मिळतो. आमच्याकडं कितीतरी पालकांच्या हे गावीही नसतं. शाळेचा दाखला लागतो, तेवढी फेरी मारा.

आता सीमेवरची गोष्ट. आम्ही कर्नाटकातल्या बायका 11 जून 2023 पासून सरकारी बसमध्ये शून्य तिकिटावर फिरतो. त्यामुळं मी पास काढला तेव्हा शेजारच्या वैनींनी विचारलंच, "बस फुकट असताना गं कशाला रेल्वेला पैसे?" पण ती सवलत राज्याच्या हद्दीपुरती. कागवाडपर्यंत शून्य तिकीट, पुढं म्हैसाळ लागलं की महाराष्ट्र. तिथं एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीतल्या प्रवासाला. मिरजेपर्यंत थेट आंतरराज्य गाडीत बसलात तर शून्य तिकीट विसरा. मग कागवाडला उतरा, दुसरी गाडी बघा, नाहीतर वडाप, म्हणजे शेअर जीप, धरा. वडापवाला मागच्या सीटवर चार माणसं बसवतो आणि पाचव्याला "सरका की जरा" म्हणतो. रेल्वेला या हद्दीचं काही पडलेलं नाही. शेडबाळ सोडलं, विजयनगर आलं, कुठल्या राज्यात आहोत ते मोबाईलवर नेटवर्कचा मेसेज आला तर कळतं. एकच पास, एकच भाडं, आधार कार्डावर पत्ता कुठला याची चौकशी नाही. सीमाभागात रोज ये-जा करणाऱ्याला याची किंमत कळेल.

दुसरा मोठा फायदा वेळेचाच आहे, म्हणून तोही लिहिते. साधं अनारक्षित तिकीट 199 किलोमीटरच्या आतलं असेल तर ते काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेच्या पहिल्या गाडीनं निघावं लागतं. सकाळीच परतीचं तिकीट काढून ठेवू म्हटलं तर चालत नाही. पासला ती अट नाही. काउंटरची रांग नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. मिरज जंक्शनला संध्याकाळी तिकीट खिडकीसमोर जी गर्दी असते ती बघितली की पासवाला बाजूनं सरळ प्लॅटफॉर्मवर जातो, ते सुख वेगळंच.

आणि आता रडगाणं. पासवर 'या वेळेतच प्रवास करा' असं कुठं छापलेलं नाही. कागदावर बघाल तर दिवसातून दहा वेळा जा आणि या. पण पास चालतो अनारक्षित डब्यात, आणि उगारसारख्या स्टेशनला थांबतात त्या पॅसेंजर आणि मोजक्या गाड्या. म्हणजे तुमचा अमर्याद प्रवास त्या चार-दोन गाड्यांच्या वेळेत बसवायचा. मी पास काढला तेव्हा संध्याकाळची परतीची गाडी दुपारच्या पाळीनंतर, धावतपळत का होईना, सापडायची. वेळापत्रक बदललं आणि ती अलीकडं आली. किती, तर मला सापडणार नाही एवढीच. पासचे पैसे तेच, पासवरचा मजकूर तोच, फक्त माझ्यासाठी दर दुसऱ्या आठवड्याला परतीचा प्रवास बंद. तिमाही पास नेमका त्याच काळात चालू होता. म्हणून आता मासिक. गाडीची वेळ हलली तर नुकसान एका महिन्याचं होईल, तीन महिन्यांचं नाही.

डब्यातल्या बायकांमध्ये यावरून रोज बोलणं होतं. कापड दुकानात काम करणाऱ्या एक काकू आहेत, त्यांना सुटी आठ वाजता. त्या म्हणतात, "जाताना रेल्वेनं, येताना नशिबानं." एक मुलगी नर्सिंगला आहे, तिची प्रॅक्टिकल लांबली की घरून गाडी घेऊन भाऊ म्हैसाळपर्यंत येतो. तक्रार वहीत लिहून झालं, निवेदन देऊन झालं. मिरजेपर्यंतचा हा मार्ग हुबळी विभागाचा आणि मिरज जंक्शन पुणे विभागात, त्यामुळं निवेदन नक्की कुणाकडं द्यायचं यावरच दोन मतं पडली. शेवटी दोन्हीकडं दिलं. उत्तर आलं की कळवीनच.

माझा मामेभाऊ नेदरलँडमध्ये आइंडहोवनला असतो. त्याला हे सांगितलं तर हसला. तिथं रेल्वेचा एक पास आहे, महिन्याला ठरावीक पैसे भरा आणि गर्दीची वेळ सोडून कितीही फिरा. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा हा पास चालत नाही. त्या वेळेत निघालं की पूर्ण तिकीट. शनिवार-रविवार मोकळं. म्हणे लोक सकाळी साडेसहाच्या आत कार्ड मशीनला टेकवायला पळत येतात. जपानमध्ये तर 'सेशून 18' नावाचा पास आहे, साध्या गाड्यांनी दिवसभर कितीही हिंडायचा. पूर्वी त्याचे पाच दिवस हंगामात हवे तेव्हा सुटे वापरता यायचे, चौघं-पाचजण मिळूनही वापरायचे. 2024 च्या हिवाळ्यापासून सलग तीन किंवा सलग पाच दिवस, आणि एकाच माणसानं, असं केलं. तिथले लोकही चांगलेच चिडले. हे ऐकून मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण फरक आहे. त्यांना निदान पास काढतानाच कळतं की कुठली वेळ आपली आणि कुठली नाही. आम्हाला ते प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर कळतं. आणि त्यांच्याकडं बंदी आहे ती गर्दी टाळायला. आमच्याकडं गर्दीच्या वेळेला गाडी आहे, गर्दी आहे, पासही चालतो, पाय ठेवायला जागा नाही. गर्दी ओसरली की गाडीच नाही.

एक्स्प्रेसनं का जात नाही, असं नवीन लोक विचारतात. पास रिझर्व्हेशनच्या डब्यात चालत नाही. स्लीपरमध्ये सापडलात तर विनातिकीट धरून कमीत कमी 250 रुपये दंड आणि वर भाडं. काही गाड्यांना ठरावीक टप्प्यात डी-रिझर्व्ह केलेला, म्हणजे आरक्षणाशिवाय बसता येणारा, डबा असतो, त्यात पास चालतो, पण कुठल्या गाडीला, कुठपासून कुठपर्यंत, हे आधी स्टेशनात विचारून घ्या. जनरल डबा पुढं एक, मागं एक, आणि लांबून येणाऱ्या गाडीत तो मिरजेला येतो तेव्हाच दाराशी लोक लोंबकळत असतात. सुपरफास्टला वेगळा सरचार्ज. हुबळी-पुणे वंदे भारत 2024 च्या सप्टेंबरपासून याच रुळावरून जाते, सगळी आरक्षित, तिचा आम्हा पासवाल्यांना उपयोग शून्य. लांब पल्ल्याची गाडी पुढं काढायची असली की आमची पॅसेंजर शेडबाळला बाजूला उभी करतात, ते मात्र आमच्या वाट्याला.

शेडबाळचा तो थांबा आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय. गाडी थांबली की पहिली दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. मग एकेकाचा मोबाईल निघतो, "हां, शेडबाळ... नाही, अजून सोडली नाही." खिडकीतून एक पोरगा गरम शेंगा घेऊन येतो. काकू पिशवीतून मेथी काढून निवडायला घेतात, देठं खिडकीबाहेर. समोर बसलेला एक बाप्या कानडीत सिग्नलला शिव्या घालतो आणि लगेच मराठीत आम्हाला म्हणतो, "तुम्हाला म्हणालो नाही हं ताई." तेवढ्यात बाजूच्या रुळावरून लांब पल्ल्याची गाडी धडधडत जाते, काचा थरथरतात, आणि मग आमचा हॉर्न. सकाळी हे झालं की लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले पेशंट आमची वाट बघत बसलेले असतात. त्यांना शेडबाळ सांगून काय उपयोग.

मोबाईलवरचा पास सोयीचा आहे. रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर मी काढते, पुढच्या महिन्याचा दहा दिवस आधी नूतनीकरण करता येतो. पण फोन बंद पडला तर पास नाही, आणि पास नाही म्हणजे तिकीट नाही. मागं टीसी आले, "पास तोरसरी अक्का" म्हणाले, मी दाखवला, आधार दाखवलं. शेजारच्या कॉलेजच्या पोरीचा फोन नेमका मेलेला. रडवेली झाली. माझ्याकडं पॉवर बँक होती, फोन चालू होईपर्यंत टीसी समोर उभे, सगळा डबा त्या फोनकडं बघतोय. चालू झाला, पास निघाला, टीसी हसून पुढं गेले. सगळे टीसी एवढा वेळ उभे राहतीलच असं नाही. चार्जर नसेल तर सरळ काउंटरचा कागदी पास घ्या. पावसात भिजणार नाही असा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा.

नवीन काढणाऱ्या उगारच्या लोकांना एक गोष्ट सांगते. पास उगारपर्यंत न काढता पुढच्या कुडची स्टेशनपर्यंत काढा. मधल्या कुठल्याही स्टेशनला उतरता-चढता येतं, त्यामुळं उगारला अडत नाही, पैशात फार फरक पडत नाही, आणि उगारला न थांबता कुडचीला थांबणारी गाडी मिळाली तर तीही वापरता येते. कुडचीहून उगारला परत यायला नदी ओलांडावी लागते हे खरं. पावसाळ्यात कृष्णा चढून रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला तर हा मार्ग बंद, तेव्हा त्या दिवसांत ही युक्ती करू नका. आणि मोठा पल्ला डोक्यात असेल तर लक्षात ठेवा, पास दीडशे किलोमीटरपर्यंतच मिळतो. बेळगाव-मिरज त्यात बसतं, खानापूर-मिरज बसत नाही. माझ्या नणंदेला खानापूरहून सरळ पास हवा होता, तो या कारणानं मिळाला नाही.

पाचपैकी किती म्हणाल, तर सकाळी जाऊन संध्याकाळी वेळेत सुटणाऱ्याला साडेचार. शिक्षक, बँकवाले, कॉलेजची पोरं यांनी डोळे झाकून घ्यावा, जमलं तर वार्षिकच. पाळीत काम करणाऱ्याला दोन. हॉटेलवाले, दुकानात काम करणारे, हॉस्पिटलात रात्री उशिरा सुटणारे यांनी आधी परतीच्या गाडीची आजची वेळ बघावी, मागच्या वर्षीची कुणी सांगितलेली नाही, आणि मगच काढावा.

मी दुपारच्या पाळीच्या आठवड्यात आता जाताना रेल्वे आणि येताना म्हैसाळमार्गे वडाप असं करते. मिरजेच्या स्टँडसमोरून साडेआठनंतर कागवाडकडं येणारं कुणी असेल आणि गाडी वाटून घ्यायची असेल तर सांगा, आम्ही तिघीजणी आहोत, अजून दोघी आल्या तर भाडं परवडेल.