मोठी संस्था की लहान घर? भावासाठी जागा शोधताना काय तपासलं

आईवडील थकले आणि धाकट्या भावाच्या राहण्याचा प्रश्न माझ्यावर आला. तो चाळिशी ओलांडलेला. बौद्धिक अक्षमता आहे, फिट येतात, बोलणं मोजकं. आधी तो शंभराहून जास्त माणसांच्या निवासी संस्थेत होता, आता चौघे जण मदतनीसांसोबत राहतात अशा लहान घरात आहे. दोन्हीकडचं जवळून पाहिलंय, म्हणून जे ठरवण्याच्या उंबरठ्यावर आहेत त्यांच्यासाठी लिहिते.

मोठ्या संस्थेबद्दल आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. तिथे रात्रभर नर्स जागी असते. फिजिओथेरपिस्ट आवारातच. एक कर्मचारी आजारी पडला तर दुसरा लगेच उभा राहतो. आपल्यामागे काय, या भीतीने झोप न लागणाऱ्या आईबापांना ही जागा उद्याही असेल एवढा भरवसा फार मोठा वाटतो.

पण तिथे दिवस घड्याळाचा असतो, माणसाचा नाही. उठणं, अंघोळ, जेवण, झोप, सगळं रांगेने. एकदा भेटायला गेले तर भावाच्या अंगात कुणा दुसऱ्याचाच शर्ट, कॉलरच्या आत मार्करने लिहिलेला नंबर. कपडे एकत्र धुतले जायचे आणि हाताला येईल ते घातलं जायचं. कुणी दुष्ट नव्हतं. एकेका ताईकडे पंधरा-पंधरा माणसं होती, त्यात कोणता शर्ट कुणाचा हे कोण बघणार? ही गर्दी हाताबाहेर गेली की काय होतं ते न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासी शाळेने दाखवलं. 4,000 जणांसाठी बांधलेल्या त्या जागेत 1965 च्या सुमारास 6,000 हून जास्त माणसं कोंबलेली होती. 1972 मध्ये टीव्हीवर आतली दृश्यं दिसली, तरी ती पुरती बंद व्हायला 1987 उजाडलं. स्वीडनने पुढे कायदाच केला आणि 1999 अखेरपर्यंत अशा मोठ्या संस्था बंद करायचं ठरवलं.

लहान घराची खरी ताकद म्हणजे तिथे माणूस ओळखला जातो. संस्थेत असताना भाऊ ताट ढकलायचा, ओरडायचा. ‘चिडचिड वाढलीय’ अशी नोंद झाली आणि शांत राहण्याची गोळी वाढली. लहान घरात आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिथल्या ताईंच्या लक्षात आलं, की तो फक्त उजव्या बाजूने चावतो. डाव्या दाढेत गळू होतं. दाढ काढली, ओरडणं थांबलं. दुखणं आजारात न शोधता अपंगत्वाच्या खाती टाकणं, ही चूक जगभर होते. इंग्लंडमध्ये 2015 च्या सरकारी अंदाजानुसार बौद्धिक अक्षमता असलेले 30,000 ते 35,000 प्रौढ योग्य निदानाशिवाय मानसिक आजारावरची औषधं घेत होते. म्हणून जागा कोणतीही असो, मी पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारते: कोणती, कशासाठी, शेवटचा फेरविचार कधी झाला?

लहान म्हणजे सुरक्षित, असं मात्र धरून चालू नका. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू हे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचं 24 खाटांचं खाजगी रुग्णालय होतं. इमारत नवी, दर आठवड्याला सरासरी 3,500 पौंड फी. 2011 मध्ये छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण बाहेर आणली. 11 कर्मचारी दोषी ठरले, त्यातले 6 तुरुंगात गेले. तिथल्याच एका नर्सने आधी व्यवस्थापनाकडे आणि तपासणी यंत्रणेकडे तक्रार केली होती, ती कुणी मनावर घेतली नाही. मला त्यातलं सगळ्यात जास्त हे लागलं. म्हणून आता मी खाटा मोजत नाही. तिथे बाहेरचं कोण येतं, आणि आतल्याने तोंड उघडलं तर त्याचं काय होतं, ते विचारते. लहान घरात साक्षीदार कमी असतात. नातेवाईक, शेजारी, दवाखाना, कामाची जागा यांची ये-जा नसेल, तर त्या घरापेक्षा गजबजलेली संस्था बरी.

रात्रीच्या बाबतीत संस्था वरचढ ठरते. लहान घरात रात्री बहुधा एकच माणूस, तोही कधी झोपलेला. ज्याला फिट येतात त्याच्यासाठी हे नीट विचारावं लागतं: गादीखाली इशारा देणारं यंत्र आहे का, फिट लांबली तर द्यायचं औषध कुठे ठेवलंय, ते कुणाला देता येतं? आणि अंघोळ. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या एका उपचार केंद्रात 18 वर्षांचा मुलगा टबमध्ये फिट येऊन बुडाला, तेव्हा त्याच्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. फिट येणाऱ्याला टबऐवजी बसून शॉवर आणि हाकेच्या अंतरावर माणूस, यात तडजोड नको.

दोन्हीकडे हमखास दुर्लक्षित राहणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे गिळणं आणि बद्धकोष्ठता. घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया जीव घेतो, आणि साचलेलं पोटही घेतं. शौचाची नोंद कोण ठेवतं हे विचारायला लाजू नका.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचं घर आणि मदतीला येणारी माणसं. ज्याला थोडं स्वतःचं स्वतः करता येतं, त्याला हाच आधी विचारा. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातल्या कलम 19 ने त्याला दिलेला आहे. संस्था भावाच्या ओळखीची होतीच, म्हणून ठरवण्याआधी आम्ही त्याला लहान घरात एक रात्र राहू दिलं. तिथून निघताना त्याने चपला घालायला नकार दिला. तेच त्याचं उत्तर होतं.

माझा कौल लहान घराला, पण दार उघडं असेल तरच. बघायला जाल तेव्हा न सांगता जा, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. एकाच रहिवाशावर वीस मिनिटं नजर ठेवा: त्याच्याशी कुणी बोललं का, की नुसतं भरवलं? गेल्या वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले ते विचारा. आणि आपल्या माणसाबद्दल एक पान लिहून पहिल्याच दिवशी द्या: दुखलं की तो काय करतो, कशाला घाबरतो, पाणी कसं मागतो. महिन्याभराने जा आणि साहेबांना नको, रात्रपाळीवरच्या माणसाला विचारा, ‘दुखलं की हा काय करतो?’