पिप की युनिव्हर्सल क्रेडिटचा आरोग्य घटक?

इंग्लंड-वेल्समधल्या या दोन सरकारी मदती लोक एकच समजतात, आणि तिथेच घोटाळा होतो. पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) ही अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठी. पगार असो, बचत असो, तरी मिळते. युनिव्हर्सल क्रेडिट ही कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी मदत; तिचा आरोग्य घटक आजारपणामुळे काम झेपत नाही अशांसाठी, पण बचत 16,000 पौंडांवर गेली की युनिव्हर्सल क्रेडिटच बंद.

पिपचा दैनंदिन भाग, म्हणजे अंघोळीसारख्या रोजच्या कामांसाठीचा, गुणांवर ठरतो: 8 गुणांना साधा दर, 12 ला वाढीव. कंबरेखालचं अंग धुवायला मदत लागली तर 2 गुण, खांद्यापासून कंबरेपर्यंतच्या अंगासाठी 4. मार्च 2025 मध्ये सरकारने एखाद्या तरी कामात 4 गुण हवेतच, अशी अट सुचवली. दोन-दोन करत 8 जमवणारा माणूस तिथे बाहेर फेकला गेला असता. सत्ताधारी मजूर पक्षाच्याच खासदारांनी बंड केलं, तेव्हा जुलैत ती मागे घेतली. आरोग्य घटकाला मात्र कात्री लागलीच. एप्रिल 2026 पासून बहुतेक नव्या अर्जदारांना महिन्याला सुमारे 217 पौंड, जुन्यांना सुमारे 430. आजार तोच, फक्त अर्जाची तारीख वेगळी. हा उघड अन्याय आहे.

पिपच्या अर्जात नुसतं 'जमतं' लिहू नका. किती वेळ लागतो, नंतर किती दुखतं, निम्म्याहून अधिक दिवस जमतं का, तेही लिहा. नकार आला तर महिन्याच्या आत फेरविचार मागा.