सारखं पात्र बदलणाऱ्या खेळाडूसाठी ‘टाशाज कॉल्ड्रन’ घ्यावं का?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवायच्या खेळात चौथ्या लेव्हलला फायटरचा कंटाळा आला म्हणून रेंजर आणला, सहाव्याला रेंजर सोडून वॉरलॉक. मागे राहिलेल्या पात्रांचे हरवलेले भाऊ, शपथा आणि उधाऱ्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) वहीत तशाच पडून. असा एखादा खेळाडू बऱ्याच टेबलांवर सापडतो. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी विझर्ड्स ऑफ द कोस्टने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेलं ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ हे १९२ पानांचं पुस्तक काही त्याच्यासाठी लिहिलेलं नाही, पण त्यातली मोजकी पानं नेमकी त्याच्या कामाची आहेत. इथे फक्त त्या पानांबद्दल. कोडी आणि जादूच्या वस्तू बाजूला ठेवतो.

सगळ्यात उपयोगी नियम सुरुवातीलाच आहे: डीएमची परवानगी असेल तर सबक्लास, म्हणजे क्लासमधला उपप्रकार, बदलता येतो. क्लास (फायटर, रेंजर असा पात्राचा मूळ प्रकार) तोच राहतो आणि बदल होतो तो ज्या लेव्हलला नवं सबक्लास फीचर मिळणार असतं त्याच लेव्हलला. जुन्या सबक्लासचं सगळं काढायचं, नव्याचं त्या लेव्हलपर्यंतचं सगळं घालायचं. नाव, नाती, शत्रू जागच्या जागी राहतात, त्यामुळे डीएमची वहीही वाया जात नाही.

फायटरचेच दोन सबक्लास घ्या: सातव्या लेव्हलला बॅटलमास्टरचा एल्ड्रिच नाइट करायचा आहे असं धरा. शीटवरून सगळे मनूव्हर (लढाईतले खास डाव) आणि त्यांचे डी८, म्हणजे आठ बाजूंचे, फासे जातात. त्याऐवजी दोन कँट्रिप (कितीही वेळा वापरता येणारे साधे मंत्र), पाच स्पेल, ते वापरायला पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्याचे दोन स्लॉट, वेपन बाँड आणि वॉर मॅजिक येतं. कागदावर सौदा बरा दिसतो. गडबड होते ती हे स्पेल ज्यावर चालतात त्या इंटेलिजन्समध्ये. अॅबिलिटी स्कोअर (ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे) पुन्हा वाटून घ्यायची मुभा या नियमात नाही, आणि बॅटलमास्टर बनवताना बहुतेक जण इंटेलिजन्समध्ये ८ टाकून मोकळे होतात. मग स्पेल सेव्ह डीसी (स्पेल चुकवायला समोरच्याने फाशावर गाठायचा आकडा) येतो ८ अधिक ३ (त्या लेव्हलचा प्रोफिशियन्सी बोनस) वजा १ (इंटेलिजन्स ८ असल्याचा), म्हणजे १०. त्यातून कोणीही सहज निसटतं, आणि दोन सेशनमध्ये हा गडी पुन्हा नवं पात्र मागायला हजर. अशा वेळी ‘शील्ड’ किंवा ‘प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुड’ यांसारखे इंटेलिजन्सवर न चालणारे स्पेल निवडायला लावा, नाहीतर एकदाच दोन स्कोअरची अदलाबदल करू द्या. ही दुसरी सवलत पुस्तकात नाही, पण ती दिल्याशिवाय हा नियम अर्धवटच राहतो.

दुसरी अडचण वाट बघण्याची. फायटरला सबक्लास फीचर ३, ७, १०, १५ आणि १८ व्या लेव्हलला मिळतं, पण रोग (Rogue) क्लासला तिसरीनंतर थेट नववी आणि पॅलाडिनला सातवीनंतर थेट पंधरावी. चौथ्या लेव्हलला कंटाळलेला खेळाडू नवव्यापर्यंत थांबणार नाही. त्याच्यासाठी बारीक बदल आहेत. अॅबिलिटी स्कोअर इम्प्रूव्हमेंट मिळते त्या लेव्हलला क्लासच्या यादीतलं एक स्किल बदलता येतं. फायटरला फायटिंग स्टाइल किंवा मनूव्हर, सॉर्सररला मेटामॅजिक (स्पेलला वेगळं वळण द्यायची युक्ती) किंवा कँट्रिप बदलता येतं. तिसऱ्या लेव्हलपासून विझर्ड तर लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) एक कँट्रिप बदलू शकतो. दिसायला किरकोळ, पण ‘दर टर्नला तेच तेच’ ही तक्रार असेल तर यानेच काम भागतं. म्हणून आधी विचारा: कंटाळा टर्नचा आला आहे की त्या माणसाचा? टर्नचा असेल तर नवं पात्र लागतच नाही.

माणसाचाच कंटाळा असेल तर साइडकिक, म्हणजे सोबतीचं मदतनीस पात्र. चॅलेंज रेटिंग (किती अवघड प्रतिस्पर्धी याचं माप) अर्धा किंवा त्याहून कमी असलेला कुठलाही प्राणी किंवा माणूस घ्यायचा आणि त्याला एक्स्पर्ट, स्पेलकास्टर, वॉरियर यांपैकी एक क्लास द्यायचा. गटाची सरासरी लेव्हल वाढली की त्याचीही वाढते. खेळाडू तो दुसरं पात्र म्हणून चालवू शकतो, किंवा मूळ पात्राऐवजी एकटा साइडकिकच खेळू शकतो. चंचल खेळाडूला दोन-तीन सेशन नवी चव घ्यायला हे उत्तम, कारण मूळ पात्र छावणीत जिवंत असतं. टेबलावर एकाहून जास्त साइडकिक मात्र नकोत. राउंड लांबतो आणि बाकीचे मोबाइल काढतात.

ग्रुप पेट्रनचं (गटाला काम देणाऱ्या आश्रयदात्याचं) प्रकरण लोक पानं उलटून पुढे जातात. या कामासाठी मला ते पुस्तकातलं सर्वोत्तम वाटतं, जरी ते त्यासाठी लिहिलेलं नसलं. अकादमी, गिल्ड, लष्कर, धर्मसंघ, राजा, गुन्हेगारी टोळी असे आठ प्रकार दिले आहेत. पार्टी एखाद्या गिल्डसाठी काम करत असेल तर जुन्या पात्राला दुसऱ्या कामगिरीवर बोलावता येतं आणि बदली माणूस गिल्डच पाठवतं. ‘आपण याच्यावर विश्वास का ठेवायचा’ हा अर्ध्या तासाचा घोळ टळतो, आणि जुना माणूस पुढे एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) म्हणून परत आणता येतो. पेट्रन मात्र पहिल्या दिवशीच ठरवा. मध्येच आणला तर जोड दिसते.

सेशन झिरोची (खेळ सुरू होण्याआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीची) पानं चांगली आहेत, पण पात्रबदलाचं कलम त्यात तुम्हालाच घालावं लागेल. माझं असं: मोहीम संपल्यावरच बदल, एक सेशन आधी सूचना, लेव्हल गटाचीच, आणि जुन्याच्या जादूच्या वस्तू जुन्याबरोबरच जातात. हे शेवटचं कलम विसरलात तर प्रत्येक निवृत्तीमागे पार्टीला एक फुकटची तलवार मिळते. नव्या पात्राला किती द्यायचं ते ‘टाशाज’ सांगत नाही. त्यासाठी २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’चा तक्ता बघा: ५ ते १० लेव्हलला नेहमीचं सामान, ५०० सोन्याची नाणी आणि वर १डी१० (दहा बाजूंच्या एका फाशाचा आकडा) गुणिले २५.

क्लासच बदलायचा असेल तर पुस्तक गप्प आहे. आणि एक गंमत म्हणजे जो खेळाडू फक्त ताकदीच्या मागे पात्रं बदलतो, त्याला हेच पुस्तक नवं आमिष देतं. ट्वायलाइट डोमेन या सबक्लासचा क्लेरिक दुसऱ्या लेव्हललाच ३० फुटांच्या घेऱ्यात एक मिनिटभर साथीदारांना दर टर्नच्या शेवटी १डी६ अधिक क्लेरिक लेव्हल इतके टेम्पररी हिट पॉइंट (घाव आधी झेलणारे तात्पुरते गुण) देऊ शकतो. तेवढं डोमेन बंद ठेवा किंवा रोज एकदाच वापरू द्या.

२०२४ चे नियम खेळत असाल तर सगळे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला सुरू होतात, तेव्हा इथले पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे फीचर तिसऱ्याला द्या. साइडकिक आणि पेट्रनची पानं थोड्याफार फरकाने तशीच चालतात. टेबलाला एक प्रत पुरते, आणि ती डीएमकडेच असू द्या. सबक्लासची यादी चंचल खेळाडूच्या हाती पडली तर पुढच्या सेशनला तो काय मागेल ते सांगायला नको.