नैरोबी–मोंबासा मदारका एक्स्प्रेस : आठ महिन्यांच्या प्रवासानंतर

केनियातल्या नैरोबीत आमचं बोअरवेलच्या पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माल मोंबासा बंदरात उतरतो, त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा तिकडे जावंच लागतं. पूर्वी रात्रीची बस पकडायचो. ट्रकच्या रांगेमागे रेंगाळत कधी आठ तास, कधी दहा. गेले आठ महिने मात्र रेल्वेनेच जातो आणि पुन्हा बसकडे वळावंसं वाटलेलं नाही.

जून 2017 पासून ही गाडी सुरू आहे. सुमारे 470 किलोमीटर अंतर ती पाच-साडेपाच तासांत कापते. वेग ताशी 120 च्या आतच, पण डबा इतका स्थिर की मी पूर्ण वाटभर वहीत हिशेब लिहीत बसतो. फोनवरून *639# लावायचं, एम-पेसा या मोबाइल-पैशांच्या सेवेवरून पैसे भरायचे, की तिकीट पक्कं. साध्या वर्गाचं भाडं जानेवारी 2024 मध्ये 1000 शिलिंगांवरून 1500 झालं, पहिल्या वर्गाचं 3000 वरून 4500. साध्या वर्गात एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन अशी समोरासमोर आसनं असतात. एकट्याने जायचं तर मला तेवढं पुरतं. आई सोबत असली की पहिला वर्गच काढतो.

खरी कसोटी गाडीत बसण्याआधी लागते. नैरोबीचं टर्मिनस शहरापासून दूर, स्योकिमाउला आहे. मोंबासा शहर बेटावर, पण त्याचंही टर्मिनस बेटाबाहेर, मिरितिनीला. शिवाय दारावर तपासणी : सामान ओळीने मांडून ठेवायचं, श्वानपथक हुंगून जातं, मग स्कॅनर, मग ओळखपत्र. तिसऱ्याच खेपेला मोंबासा रोडवरच्या कोंडीत टॅक्सी अडकली आणि माझी गाडी चुकली. तेव्हापासून शहरातल्या जुन्या स्टेशनातून टर्मिनसला जाणारी जोडगाडी धरतो.

ही जोडगाडी जुन्या मीटरगेजवरून जाते. 1896 ते 1901 या काळात तो मार्ग बांधायला हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर आणले होते, त्यातले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. नैरोबी शहर वसलं तेच 1899 मधल्या रेल्वेच्या तळाभोवती. त्या रुळांवरून जाताना दर वेळी मनात त्यांना नमस्कार करतो.

मदारका एक्स्प्रेसचा नवा मार्ग मुख्यतः चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून झाला. 2013 पासून आयात मालावर रेल्वे विकास कर लागला, सुरुवातीला दीड टक्का. तो माझ्या कस्टम्सच्या कागदांवरही असतो. म्हणून 1500 चं तिकीट स्वस्त म्हणताना मी कचरतो. उरलेले पैसे देश वेगळ्या खिशातून भरतो आहे, त्यात मीही आलो.

पण त्सावोचं अभयारण्य! तिथे मार्ग भरावावरून आणि पुलांवरून जातो, प्राण्यांना खालून वाट ठेवली आहे. दुपारी तीनची गाडी घेतली तर कलत्या उन्हात तांबड्या मातीने माखलेले हत्ती दिसतात. रात्री दहाच्या गाडीत काचेबाहेर नुसता काळोख. सकाळी आठची गाडी मधल्या स्टेशनांवर थांबत जाते म्हणून वेळ जास्त घेते, पण मोंबासाकडे जाताना एमाली स्टेशनानंतर उजव्या हाताची खिडकी सोडू नका. ढग नसले तर किलिमांजारो दिसतो. मला आठ महिन्यांत दोनदाच दिसला. पुढच्या खेपेचं तिकीट मी सकाळचंच काढलंय.